जेवणाआधी एक आभार

दिगंबरराव देवडे आभार मानायला निघाले की आमच्या गल्लीत धडाधड दारं लागतात.

सेलूला आमच्या शाळेत ते हेडक्लार्क होते, मी विज्ञान शिकवायचो, आणि घरंही भिंतीला भिंत लागून. नोकरीत असताना त्यांच्या तोंडून कुणाबद्दल बरा शब्द निघाल्याचं कुणाला आठवत नाही. निवृत्त झाले आणि त्यांची झोप उडाली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि वर सांगितलं, "रोज कुणाचे तरी मनापासून आभार माना. डोकं शांत होतं, झोप लागते." दिगंबररावांनी दोन्ही औषधं एकाच शिस्तीत सुरू केली. आभार मात्र दिवसातून दोनदा; जेवणाआधी एक, जेवणानंतर एक.

"नुसतं थँक्यू म्हनून भागत न्हाई सर," ते मला समजावत. "काय केलं, कवा केलं, आपल्याला कसं वाटलं, समदं सांगावं लागतंय. मेंदू म्हंजे हापसा हाय. पहिले धा-पंधरा हिसके कोरडेच जातेत. आन् तोंडदेखलं हापसलं तर पानी येतच न्हाई."

मी तीस वर्षं मेंदूचा धडा शिकवला. इतका सोपा करून मला कधी जमला नाही.

पहिला बळी गेला संतोष न्हावी. ऐन दाढीत दिगंबरराव म्हणाले, "संतोष, वीस वर्षं तुझा वस्तरा माझ्या गळ्यावर फिरायलाय, पन येक ओरखडा न्हाई. येवढा भरोसा मला सख्ख्या भावाचा न्हाई बघ." संतोषचा हात आयुष्यात पहिल्यांदा थरथरला. दिगंबरराव गळ्याला कापूस लावून घरी आले.

मग गिरणीवाला. "तू कदी माझं दळण दुसऱ्याच्या दळणात मिसळलं न्हाईस," असं यांनी सुरू केलं, तोच तो हात जोडून म्हणाला, "साहेब, नगरपालिकेला उभं ऱ्हायलात का? घरची चार मतं धरून चाला."

माझी बायकोही सुटली नाही. यांची मंडळी दवाखान्यात होती तेव्हा तिनं डबा पाठवला होता. तीन वर्षांनी दारात उभं राहून दिगंबरराव म्हणाले, "ताई, त्या मेथीच्या भाजीत मीठ न्हवतं. पन तुमी आठवनीनं पाठवली, मला लय आधार वाटला." चार दिवस ती बोलली नाही. त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी.

"अहो, मिठाचं कशाला काढलंत?" मी विचारलं.

"खोट्यानं पानी येत न्हाई सर."

गुण मात्र आला. दुपारी भिंतीपलीकडून घोरणं ऐकू यायला लागलं. पोरांचा चेंडू अंगणात गेला तर हा माणूस आता तो चक्क परत द्यायचा.

मग एका रविवारी सकाळीच ते माझ्या दारात आले. मी दार लावणार, तोच म्हणाले, "आज तुमचे मानायचे न्हाईत. स्कूटर काढा, वालूरला जायचंय."

वाटेत मागच्या सीटवरून म्हणाले, "आई गेली तवा मी चार वर्षांचा हुतो. थोरल्या वैनीनं वाढवलं मला. आन् वाटणीच्या टायमाला चार मानसांत मी तिला म्हनलो, 'तू काय केलंस आमच्यासाठी?' ती आत गेली आन् सगळ्यायला च्या टाकला." वालूरची वेस दिसली तसे म्हणाले, "गल्लीत निस्ता सराव करायलो, सर."

मला इतके दिवस येत असलेलं हसू तिथंच थांबलं.

वैनी सत्तरी ओलांडलेल्या. ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दिगंबररावांनी खिशातून दोन फुलस्केप काढले आणि उभ्यानंच वाचायला लागले. दुसऱ्या ओळीपुढं त्यांना वाचवेना. कागद माझ्या हातात आले. वर 'विषय' आणि 'संदर्भ' रीतसर लिहिलेलं. खाली होतं: 'तू आमच्यासाठी काय केलंस, असे मी विचारले होते. उत्तर सोबत जोडले आहे.'

मी वाचत गेलो. स्वतःचं लुगडं फाडून शिवलेलं दप्तर. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून लावलेला कंदील. आणि शेवटी, तापानं फणफणलेल्या दिराला पाठीवर घेऊन, चिखल तुडवत शेजारच्या गावच्या डॉक्टरपर्यंत गेलेली वैनी.

वैनींचे हात सोलायचे थांबले नव्हते. "झालं का?" त्या म्हणाल्या. "आभार मानायला मी काय परकी हाय रे डिगू? आन् त्या दिशी ताप न्हवता तुला. शाळा बुडवायची हुती. काखंत कांदा ठिवला हुतास."

"तुला ठाव हुतं?"

"वासानं समजंना व्हय!"

"मंग पाठीवर घिऊन कशाला हिंडलीस?"

वैनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "नवी हुते मी ह्या घरात. समदे 'आगं ये' म्हनून बोलवायचे. वैनी म्हनून गळ्यात पडनारा तू येकटाच. वाट जरा लांबली तर बरंच, असं वाटायचं."

दिगंबरराव वैनींसमोर मांडी घालून बसले आणि ढिगातल्या शेंगा ओढून सोलायला लागले. चष्मा ओला झालेला, त्यामुळं चांगलं-वाईट सगळं एकाच सुपात पडत होतं. वैनी एका हातानं त्यांच्या सुपातले किडके दाणे वेचून टाकत राहिल्या.