एक किलो लोखंडाचे सुटे भाग

शाळेतल्या एक किलोच्या मापाचं वजन एक किलो असतं, यावर सहसा वाद होत नाही. ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावरून खाडीकडे उतरताना लागणाऱ्या खाडीकाठ विद्यालयातही तो झाला नाही. वाद झाला तो त्या मापाच्या सुट्या भागांवरून, आणि तो जून चौऱ्याण्णव ते एप्रिल पंच्याण्णव असा रीतसर, आवक-जावक क्रमांकांसह चालला.

माप गुणाजी नाखवा सरांच्या ताब्यात होतं. सर चेंदणीचे कोळी. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि फळ्यावर शेगडीचं चित्र काढून ‘समजा, हे पाणी उकळतंय’ असं सांगून सांगून स्वतःच उकळायच्या बेताला आले होते. अकरा वर्षं अर्ज केल्यावर शाळेला प्रयोगशाळा मिळाली. शाळा नववीपर्यंतच होती. प्रयोगशाळा चालू असेल आणि एप्रिलमध्ये नववीची प्रात्यक्षिक परीक्षा मान्यता समितीसमोर नीट पार पडली, तरच दहावीचा वर्ग मिळणार होता. नाहीतर एक्केचाळीस मुलांना हायवे ओलांडून लांबच्या शाळेत जावं लागलं असतं. त्यातल्या सतरा मुलींना घरचे तिकडे धाडणार नव्हते. हे सरांनी ताडलेलं नव्हतं, त्या घरांतल्या माणसांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून त्या खोलीवर सरांचा जीव होता.

प्रयोगशाळा उघडण्याआधी नमुना सतरा (ब) भरायचा होता. तो नौपाड्यात, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या शालेय साहित्य पडताळणी कक्षात जायचा. रकाने सहा: वस्तू, नग, रंग, स्थिती, सुटे भाग, शेरा. सरांनी लिहिलं, लोखंडी माप एक किलो, नग एक, रंग काळा, स्थिती चांगली. सुट्या भागांचा रकाना रिकामा सोडला. लोखंडाच्या गोळ्याला सुटा भाग कुठून यायचा?

नमुना परत आला. रकाना रिकामा ठेवू नये. सरांनी आडवी रेघ मारली. पुन्हा परत आला. रेघ मारू नये, अक्षरी लिहावे. सरांनी अक्षरी ‘नाहीत’ लिहिलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा सोबत टिपण होतं: सुटे भाग नसल्यास का नाहीत, पूर्वी होते काय, असल्यास कोणाच्या ताब्यात होते, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

सर तसे शांत माणूस. पण शांत माणसाच्या आयुष्यातही एखादा शनिवार असा उगवतोच. त्या शनिवारी त्यांनी पेन उचललं आणि खरं होतं ते सगळं लिहून टाकलं. मापाचे सुटे भाग अणू. अणूचे सुटे भाग प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि इलेक्ट्रॉन. प्रोटॉनचे सुटे भाग क्वार्क, नग तीन, पैकी अप दोन, डाउन एक. याहून सुटं आजवर जगात कोणाला काही मिळालेलं नाही, अशी पुरवणीही जोडली. आता तरी त्या कक्षातल्या माणसाला लाज वाटेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

नमुना आठवड्यात मंजूर झाला. तपासणारे सहायक अधिकारी विश्राम घाडी डोंबिवलीचे. रोजचं लोकलने येणं-जाणं असल्यामुळे अप आणि डाउन या शब्दांत त्यांना आक्षेपार्ह काही दिसलं नाही. उलट सगळे रकाने भरणारी शाळा म्हणून त्यांनी बैठकीत नाव घेतलं म्हणे. प्रयोगशाळा उघडली. पोरांनी पहिल्यांदा खरं पाणी खरोखर उकळताना पाहिलं, आणि त्या आनंदात सर नमुना सतरा (ब) विसरूनही गेले.

जानेवारीत वार्षिक पडताळणी आली. घाडी जातीने आले. चंचुपात्रं मोजली, परीक्षानळ्या मोजल्या, फुटलेल्या दोन नळ्यांच्या काचा मागितल्या, त्या सरांनी पुडीत जपून ठेवल्या होत्या, त्याही जोडून पाहिल्या. माप पाहिलं, एक. मग यादीवर बोट ठेवून त्यांनी पुढची ओळ वाचली.

“क्वार्क, तीन. दाखवा.”

सरांना वाटलं, माणूस गंमत करतोय. घाडींनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं, म्हणजे गंमत नव्हती.

“ते दिसत नाहीत हो,” सर म्हणाले.

“मग गहाळ लिहू?”

“गहाळ कसे? या मापातच आहेत.”

“काढून दाखवा ना मग. मी थांबतो.”

इथे सरांनी घोडचूक केली. त्यांनी शिकवायला सुरुवात केली. एकोणतीस वर्षांची खोड, जाणार कुठे? खडू घेतला आणि सांगितलं की क्वार्क एकटा कधीच मिळत नाही. ओढून काढायला जावं तर लागणारी ताकद वाढतच जाते, आणि शेवटी त्या ताकदीतूनच नव्या क्वार्कची जोडी तयार होते. म्हणजे एकाला सुटा करायला जावं, तर तो सुटत नाही ते नाहीच, वर दोन नवे येऊन चिकटतात. घाडींनी मान हलवत, एक शब्द न गाळता सगळं उतरवून घेतलं. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी सरांना वर्गात कधी मिळाला नव्हता, त्यामुळे ते अंमळ खूशच झाले.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. एक, यादीतील तीन नग पडताळणीस सादर करण्यात आले नाहीत. दोन, शिक्षकांच्या स्वतःच्या निवेदनानुसार सदर नग काढू गेल्यास वाढतात, सबब शाळेत नोंदबाह्य साहित्याची विनापरवाना निर्मिती होण्याचा संभव नाकारता येत नाही. तीन, चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रयोगशाळा मोहोरबंद करण्यात येत आहे. कुलपावर लाखेचं सील लागलं. मुख्याध्यापिका शालन रणदिवे यांनी कागदावर सही केली, कारण सही न करण्यासाठी त्यावर जागाच ठेवलेली नव्हती.

सर नौपाड्याला खेटे घालू लागले. घाडी म्हणत, सील मी लावलं, पण लावा असा शेरा हेडक्लार्कचा. हेडक्लार्क म्हणत, शेरा माझा, पण नियम मॅडमचा. मॅडम रजेवर. तिघांपैकी एकाला एकटं गाठून ‘हे तुम्हीच केलंत ना?’ असं विचारायला जावं, तर तो जागचा हलायच्या आत आतल्या खोलीतून आणखी दोन माणसं येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहत. सरांनी जे आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं ते असं दिवसाउजेडी पाहायला मिळालं. भौतिकशास्त्राबद्दलचा त्यांचा आदर वाढला, पण सील काही निघालं नाही.

फेब्रुवारीत मॅडम भेटल्या. सुहासिनी कर्णिक, पडताळणी अधिकारी, ठाण्यातच वाढलेल्या, बोलायला अगदी नीटस. सरांनी पुन्हा प्रोटॉनपासून सुरुवात केली तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

“नाखवा सर, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेय. क्वार्क मला माहीत आहेत. फाइलला माहीत नाहीत, ही अडचण आहे.”

सरांच्या जिवात जीव आला. न समजणाऱ्याचा त्रास एका अहवालापुरता असतो, समजणारा माणूस तज्ज्ञांचं मत मागवतो, हे त्यांना अजून कळायचं होतं. मॅडमनी डोंबिवलीच्या एका प्राध्यापकांचं मत मागवलं. त्यांनी सात पानं लिहिली. क्वार्कचे प्रकार सहा, त्यातले पाच मिळालेले, सहाव्यासाठी अमेरिकेत अठरा वर्षं शोध चालू. शिवाय प्रत्येक क्वार्कला लाल, हिरवा किंवा निळा असा एक रंग मानतात, अर्थात तो डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे. सगळं बिनचूक होतं. ते वाचून कक्षाने सरांकडे रंगाच्या रकान्यात ‘काळा’ लिहिल्याबद्दल वेगळा खुलासा मागवला, आणि सहावा प्रकार मिळेपर्यंत प्रकरण स्थगित ठेवलं. सरांनी कपाळाला हात लावला. अमेरिकेच्या भरवशावर माजिवड्याची नववी बसली होती.

पण नशीब बघा! मार्चच्या पहिल्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर बातमी आली की सहावा क्वार्क मिळाला. चेंदणीत त्या सकाळी अमेरिकेचा एवढा आनंद दुसऱ्या कोणाला झाला नसेल. सरांनी कात्रण कापलं, खिशात घातलं आणि शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून नौपाडा गाठला.

घाडींनी कात्रण दोनदा वाचलं. म्हणाले, “तिकडच्या लोकांनी दाखवला ना शेवटी? तुम्हाला तीनच सांगितलेले.”

सर म्हणाले की तिकडे शेकडो शास्त्रज्ञ राबत होते, यंत्राचा घेर कित्येक किलोमीटरचा होता. त्यावर घाडींनी शांतपणे विचारलं की साधनं कमी पडत होती तर मागणीपत्र वेळेत का दिलं नाही. आणि संध्याकाळच्या आत नवं टिपण निघालं. क्वार्कचे प्रकार आता अधिकृतपणे सहा, शाळेच्या यादीत मात्र दोनच. चार प्रकार कमी. यादी भरताना शिक्षकांनी माहिती दडवली काय?

सर त्या टिपणासकट मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले. आवाज चढला नाही, उलट बसला. पाच एप्रिलला समिती येतेय, आता काय करू ते तुम्हीच सांगा, एवढंच ते म्हणू शकले. मॅडमना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी खणातून एक टंकलिखित कागद काढून पुढे सरकवला. दाखला होता. ‘सहाही प्रकारचे क्वार्क मी समक्ष पाहिले, मोजले व सुस्थितीत आढळले.’ खाली सहीची जागा.

“मॅडम, मी ते पाहिलेले नाहीत,” सर म्हणाले. “जगात कोणीच तसे पाहिलेले नाहीत.”

“म्हणूनच कोणी तपासायलाही येणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

सर कागद घेऊन घरी आले. ताटावर बसले, तरी कागद हातातच होता. बायको मालन, बाजारात मासळीचा वाटा लावणारी, तिने काय झालं ते विचारलं आणि सरांनी सगळं सांगितलं. क्वार्क म्हणजे काय हे तिने विचारलं नाही. सरांना सांगावंसं वाटत होतं की आयुष्यभर पोरांना जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहा म्हणत आलो आणि आता या वयात आपण हे लिहायचं, लाज वाटते गं. ते त्यांनी सांगितलंही. मालनने माशाचा तुकडा त्यांच्या ताटात वाढला.

“सई तुमची हाय,” ती म्हणाली. “परीक्षा पोरींची हाय.”

सरांनी सही केली. मार्चच्या वीस तारखेला सील निघालं. घाडींनी स्वतः लाख खरवडून काढली आणि हात धुऊन सरांचं अभिनंदन केलं. कक्षाच्या मते क्वार्कचा पूर्ण संच बाळगणारी विभागातली ही एकमेव शाळा होती. आता एकमेव म्हटल्यावर बाकीच्यांना विचारणं आलंच. ‘खाडीकाठ विद्यालयाकडे आहेत, आपल्याकडे का नाहीत?’ अशी पत्रं सगळ्या शाळांना गेली. आठवड्याच्या आत एकशे बारा शाळांची उत्तरं आली. क्वार्क सगळीकडे होते, सगळीकडे सुस्थितीत होते. शीळफाट्याकडच्या एका शाळेने तर आपल्याकडे दोन जास्त असून गरजू शाळेस देण्याची तयारी दाखवली. सरांना हसू आलं नाही, कारण ती उत्तरं ज्या दाखल्यावरून उतरवली होती, तो त्यांच्या सहीचा होता.

पाच एप्रिलला समिती आली. परीक्षेला बसण्याआधी प्रत्येकाच्या प्रयोगवहीवर शिक्षकाची सही लागते, म्हणून सर सकाळी सातलाच वह्या घेऊन बसले. वरची वही हर्षाली भोईरची. सुबक अक्षर, पट्टीने आखलेले तक्ते, बाराच्या बारा प्रयोग पूर्ण. दोलकाची पाच निरीक्षणं, त्यातल्या चारांवरून उत्तर पुस्तकाबरहुकूम, पाचव्यात किंचित फरक. सरांनी वही खाली ठेवली. जानेवारीपासून वीस मार्चपर्यंत खोलीला सील होतं, आणि पुढचा पंधरवडा लेखी परीक्षेत गेला. बारापैकी आठ प्रयोग वर्गात झालेच नव्हते, त्यात दोलकही आला.

त्यांनी हर्षालीला बोलावून विचारलं, “हे कधी केलंस गं?”

“केले नाहीत सर,” ती म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. “खोली बंद होती ना, मग लेखी परीक्षा आली. उत्तर पुस्तकात असतंच, त्याच्यावरून उलटे जाऊन वरचे आकडे काढले. एक मुद्दाम जरा चुकवलाय, खरं वाटायला.”

एरवी सरांनी ती वही खिडकीबाहेर भिरकावली असती. त्या सकाळी त्यांनी लाल पेन काढलं, ‘तपासले, बरोबर’ असं लिहिलं, खाली सही केली आणि पुढची वही ओढली. एक्केचाळीस वह्या होत्या. समितीला सर्वांत जास्त वह्याच आवडल्या. दहावीचा वर्ग मंजूर झाला आणि जूनमध्ये सतराच्या सतरा मुली त्यात बसल्या.

तुम्हाला घाडींचा राग आला असेल, कर्णिक मॅडमना तर तुम्ही सोडणारच नाही. खुशाल रागवा. मात्र एवढं सांगा, तुमच्या शाळेच्या प्रयोगवहीत दोलकाचं उत्तर अगदी बरोबर आलं होतं ना? आणि तो दोलक तुम्ही हलवला होता किती वेळा?