आयोवा, मतदारसंघ चौथा

निमकर काका नव्या माणसाला चहा विचारायच्या आधी मतदारसंघ विचारायचे. २००६ साली मी पीएच.डी.साठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलो, त्या पहिल्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात त्यांची गाठ पडली. तिथं भाडेकरू आळीपाळीनं जिना पुसतात; त्या आठवड्यात पाळी त्यांची होती, त्यामुळे हातात बादली. परक्या गावात मराठी ऐकून मी हरखलो आणि म्हणालो, "मी पुण्याचा."

"पुणं हे शहर झालं. मतदारसंघ?"

मला काही सांगता येईना. स्वतःच्या वडिलांचं नाव विसरलेल्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असो," म्हणाले, "पायरी ओली आहे, जपून."

त्यांचा स्वतःचा मतदारसंघ होता आयोवा चौथा. आयोवा हे अमेरिकेतलं एक राज्य. तिथं मका पिकतो, डुकरं पाळतात आणि दर दोन वर्षांनी पाच मतदारसंघांतून पाच जण काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून जातात, ही माहिती मला पहिल्याच चहाबरोबर मिळाली. काका जन्मात कधी आयोवाला गेले नव्हते. तीस वर्षं ब्राउनश्वाइगच्या एका यंत्रांच्या कारखान्यात काढून निवृत्त झाले होते. सुट्टी म्हणजे पुणं, नाहीतर हार्त्सचे डोंगर. पण फ्रिजच्या दारावर आयोवाचा नकाशा, पाच भाग पाच रंगांत. तो मीच इन्स्टिट्यूटच्या रंगीत प्रिंटरवर काढून दिला आणि सेक्रेटरीची बोलणी खाल्ली.

मतदारसंघांबद्दल ते घरातल्या पोरांबद्दल बोलावं तसं बोलत. "पाचवा हट्टी, तो काही बदलायचा नाही. पहिला या वेळी फिरणार, लिहून ठेव. चौथा गुणी आहे." दुसऱ्याचा विषय निघाला की हात झटकत. "दुसऱ्यात जुना माणूस घट्ट बसलाय. तिथं बघण्यासारखं काही नाही."

पाऊस असला की लोक मतदानाला बाहेर पडत नाहीत, म्हणून रोज सकाळी ते पाचही ठिकाणची हवा बघत. मतदानाला तेव्हा अजून सहा महिने होते. एकदा लख्ख उन्हात ट्रामच्या थांब्यावर छत्री उघडून उभे! मी विचारलं तर म्हणाले, "चौथ्यात आज पाऊस आहे." मग वर बघितलं, छत्री मिटली आणि म्हणाले, "आल्झो, म्हणजे... इथं नाहीये."

आमच्या इमारतीत सायकलींच्या तळघराला कुलूप लावायचं की नाही, यावर भाडेकरूंची बैठक ठरली. काका कुलपाच्या बाजूचे. आठवडाभर दारोदार फिरून त्यांनी मजलेवार अंदाज बांधला. "तिसरा मजला आपला. पहिला डळमळीत. तळमजल्यावर सगळं फ्राउ क्रूगरच्या मनावर आहे." अंदाज अचूक ठरला. तरी मतं समसमान पडली आणि कुलूप बारगळलं, कारण दुसऱ्यांचे हात मोजण्याच्या नादात काकांनी स्वतःचा हात वर केलाच नाही.

फ्राउ क्रूगर या बाईंना काकांच्या वेडाचं भारी नवल. "हेर निमकर, निवडणुका आमच्याकडेही होतात हो!"

"तुम्ही एकेक जण दोन-दोन मतं देता," काका म्हणाले. "एक माणसाला, एक पक्षाला. मला एकसुद्धा नाही."

आणि खरंच नव्हतं. पासपोर्ट भारताचा, म्हणून जर्मनीत मत नाही. राहणं जर्मनीत, म्हणून भारतात मत नाही. आयोवात तर त्यांना ओळखणारंही कुणी नव्हतं, एक केतकी सोडली तर.

केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. इथंच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. शिकायला आयोवातल्या एम्स नावाच्या गावी गेली आणि तिथंच लग्न करून राहिली. एम्स चौथ्या मतदारसंघात येतं.

काकू होत्या तोवर दर रविवारी तिचा फोन येई. काका उचलत, "बरी आहेस ना? घे, आईशी बोल," म्हणत आणि फोन काकूंच्या हातात देऊन मोकळे होत. एवढ्या एका वाक्यावर त्यांनी बापाचं काम वर्षानुवर्षं निभावलं. मी येण्याआधी तीन वर्षं काकू गेल्या. मग "बरी आहेस ना?" "बरी." "हवा?" "थंड." याच्या पुढे फोन कुणाच्या हातात द्यायचा? भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. इथं नुसतेच फोन विरळ होत गेले, आणि त्या वर्षी पाडव्यानंतर थांबले. केतकीनं आपणहून फोन करावा, एवढंच काकांना हवं होतं. दुसऱ्या कुणी सरळ नंबर फिरवला असता. काकांनी आयोवाचा अभ्यास केला.

दर शुक्रवारी ते एका बोटानं, रोमन लिपीतल्या मराठीत, तिला ईमेल लिहीत आणि आकडे तपासायला मला बोलावत. "प्रिय केतकी, चौथ्यात या आठवड्यात..." अशी सुरुवात, मग उरलेले चार, मग "तुझा बाबा". आभार मानणारं उत्तर यायचं: "डांके, बाबा." एवढे दोन शब्दसुद्धा ते मला मोठ्यानं वाचून दाखवत.

एका शुक्रवारी मी चिडलोच. "काका, अहो, कशी आहेस, एवढं तरी लिहा!"

"बरीच असेल. नसती तर कळवलं असतं."

"मग आठवण येते असं लिहा."

"ते मतदान झाल्यावर बघू," म्हणाले आणि तिसऱ्याकडे वळले. मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं.

नोव्हेंबरात मतदान झालं. आयोवा आमच्याहून सात तास मागे, त्यामुळे निकाल सकाळी लागणार. सातला मी ब्रोट्शेन, म्हणजे न्याहारीचे गोल पाव, घेऊन खाली गेलो तेव्हा काका कोट घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. चौथा त्यांनी सांगितला तसाच लागला. पाचवा हट्टीच निघाला, पहिला फिरला. आणि दुसऱ्यात जुना माणूस पडला.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "दुसऱ्याकडे मी बघितलंच नाही रे," म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

तेवढ्यात फोन वाजला. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर कायम चालू. केतकी जर्मनमध्ये बोलत होती, मी मराठीत सांगतो.

"बाबा, दुसऱ्याचा निकाल बघितलास?"

"बघितला. चुकलो मी."

"तू दर आठवड्याला लिहायचास, दुसऱ्यात बघण्यासारखं काही नाही. बाबा, मी दुसऱ्यात राहते. एप्रिलपासून. आम्ही घर बदललं. आता मी इथली नागरिक झालेय, आज पहिल्यांदा मत दिलं."

काकांनी फ्रिजवरच्या नकाशाकडे बघितलं. "अगं, मग सांगितलं का नाहीस? सात महिने मी चौथा धरून बसलोय!"

"तू विचारलं नाहीस." मग म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तू लिहायचा थांबला असतास. मी तुझी सगळी पत्रं वाचते, बाबा. नवऱ्यालाही भाषांतर करून वाचून दाखवते."

खरं तर मी तिथून उठायला हवं होतं, पण मला ऐकायचं होतं. काकांनी घाईघाईनं फोन माझ्यासमोर धरला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि जोरजोरात मान हलवली. नाइलाजानं त्यांनी तो पुन्हा तोंडाजवळ नेला.

"घर कसं आहे गं?"

"लहान आहे. पण छान आहे."

"खिडकीतून काय दिसतं?"

केतकी हसली. "आत्ता? बाबा, इथं मध्यरात्र उलटलीय. नुसता काळोख."

"मग सकाळी उजेडात बघ आणि सांग," काका म्हणाले. "मी घरीच आहे."