बाबांनी दाखवलेली जागा

अन्नपूर्णा मंदिरामागच्या गल्लीत शरदरावांच्या घराचा सेप्टिक टँक हरवला, आणि त्याचा शोध त्यांनी झोपेत सुरू केला.

गल्लीच्या बोअरिंगचं पाणी तपासणीत खराब निघालं होतं. म्हणून नियम आला. प्रत्येकाने आपला टँक उघडून दाखवायचा, उपसून घ्यायचा, गळत असेल तर दुरुस्त करायचा; नाहीतर नळ बंद. वॉर्ड ऑफिसातला निशांत हे सांगायला आला तेव्हा शरदराव अंगणातल्या झोपाळ्यावर अर्धवट जागे होते.

"काकाजी, टँकचं ढक्कन किधर आहे?"

"असेल की इथेच कुठेतरी."

"शुक्रवारी गाडी आणतो. ढूंढून ठेवा हां!"

घर वडिलांनी बांधलेलं. टँकचा उपयोग शरदरावांनी जन्मभर केला होता, चौकशी कधी केली नव्हती. त्या दुपारी कार्तिकातलं उबदार ऊन अंगावर आलं, झोपाळा कुरकुरत मंद झाला आणि फाटकातून बाबा आत आले. पांढरं धोतर, काखेत छत्री. पेरूच्या झाडाखाली जाऊन ते जमिनीकडे बघत उभे राहिले. शरदरावांना जाग आली तेव्हा डोळे ओले होते. जाऊन इतकी वर्षं झालेले बाबा घरी आले, तेही लेकाची अडचण ओळखून!

"कुमुद, बाबा आले होते. टँक पेरूखाली आहे म्हणाले."

"म्हणाले?" कुमुदिनीबाई मेथी निवडत होत्या.

"म्हणजे, बघत होते."

"मग खोदा."

शेजारचा नंदू फावडं घेऊन आला. भलामोठा खड्डा झाला, त्यात एक चमचा सापडला. दुसऱ्या दिवशी बाबा कुंपणाच्या भिंतीपाशी उभे राहिले, तिथेही खोदलं. मग फाटकाजवळ.

"शरद भिया, बाबांना जरा पक्कं पूछून घ्या ना," नंदू कळवळला. "कमर गेली माझी!"

"आणखी थोडं खोल जाऊ द्या," चहा देता देता कुमुदिनीबाई म्हणाल्या.

अंगणाच्या मधोमध दगडी तुळशीवृंदावन होतं. तिकडे मात्र कुणी फिरकलं नाही. तिथे पेरूच्या सावलीमुळे ऊन येत नाही, ते भिंतीपाशी हलवू या, असं कुमुदिनीबाई दरवर्षी म्हणायच्या. "बाबांच्या हातचं आहे, जागचं हलणार नाही," असं म्हणून शरदराव विषय संपवायचे.

गुरुवारी दुपारी बाबा पुन्हा आले. त्यांनी वृंदावनाला सावकाश प्रदक्षिणा घातली आणि छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. ठण्ण! शरदराव दचकून उठले. त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही. सांगावं तर बाबांच्या हातची ही खूण जागची जाणार. न सांगावं तर सगळ्या गल्लीने काय प्यायचं?

शुक्रवारी निशांत लोखंडी सळई घेऊन आला. शरदरावांनी वृंदावनाकडे बोट दाखवलं. "तिथे ठोक. तुळशीपाशी."

ठण्ण.

कुमुदिनीबाईंनी तुळशीला हळदकुंकू वाहिलं. निशांतने गाडीवरची माणसं बोलावली, नंदूने हात लावला, वृंदावन सरकलं. खाली गंजकं झाकण होतं. शरदरावांनी वाकून ते नीट पाहिलं.

"बाबांनी नेमकी इथे का ठेवली असेल तुळस?"

"येणारे-जाणारे तिथे स्कूटर लावायचे. झाकण फुटेल म्हणून. तुळशीवर कोण स्कूटर चढवणार? सासूबाई सांगायच्या."

"तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? तुम्ही बाबांना विचारत होतात."

कुमुदिनीबाई आतून लिंबाचं आणि कढीलिंबाचं रोप घेऊन आल्या. एक पेरूखालच्या खड्ड्यात गेलं, दुसरं फाटकापाशी. भिंतीजवळचा खड्डा बुजवून त्यावर वृंदावन बसलं. तुळशीवर लख्ख ऊन पडलं. शरदरावांना उगाचच वाटलं, बाबांनाही हेच हवं असेल.

टँक उपसून झाला. निशांत हात धूत म्हणाला, "काकाजी, पुढच्या हफ्त्यात पाण्याचा मेन वॉल्व्ह चेक करायचा आहे. ढूंढून ठेवा."

शरदराव झोपाळ्यावर टेकले. सवयीने डोळे मिटले, आणि लगेच उघडले.

"कुमुद," त्यांनी हाक मारली, "आपला वॉल्व्ह कुठे आहे गं?"