निर्मलाबाईंचं 'कमिंग अलाँग'

निर्मलाबाईंना काहीही विचारा, 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सरळ उत्तर कधी मिळायचं नाही.

"पेपर तपासून झाले का, बाई?"

"कमिंग अलाँग."

"गुडघा कसा आहे?"

"कमिंग अलाँग, सर."

पोलादपूरच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. महाडहून आम्ही एकाच एसटीने जायचो.

"याचा अर्थ 'सोबत येणं' नव्हे," त्या वर्गात बजावायच्या. "काम पुरं झालेलं नाही, पण पुढे सरकतंय. कच्च्या मुलालाही असं म्हणता येतं. त्याचा धीर सुटत नाही."

एकदा डोंगरावरच्या वाडीतून एक पालक आले. "बाई, पोरीचं इंग्रजी कसं हाय?"

"कमिंग अलाँग." बाईंनी अर्थही समजावला.

"म्हंजे वाटंत हाय," ते म्हणाले. "पन पोचल कधी?"

आम्ही शिक्षक खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या पोरीला घेऊन बसू लागल्या. पोरगी दहावीला इंग्रजीत सुटली, तेव्हा वडील बाईंसाठी तुपाचा डबा घेऊन आले.

पुढे बाईंच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. बाईंनी नोकरी सोडली. बाजारात भेटल्या की मी चौकशी करायचो. उत्तर ठरलेलं. वर कधी, "काल चमचा धरला," कधी, "आज 'पाणी' म्हणाले." ऐकून बरं वाटायचं.

दिवाळीत बाईंच्या घरी गेलो. यजमान कॉटवर पडून होते. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिसली नाही. मी उसन्या उत्साहानं म्हणालो, "काय बाई, कमिंग अलाँग ना?"

"हो तर!" बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"नाही हो, सर," तिथे त्यांचा आवाज एकदम खाली आला. "डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, याहून सुधारणा नाही. चमचाही धरला नाही, पाणीही म्हणाले नाहीत."

"मग बाजारात..."

"यांना सगळं ऐकू येतं. यांच्यासमोर दिवसभर तेच बोलते. मग बाहेरही तेच तोंडात येतं."

चहा झाला. बाईंनी यजमानांच्या कपाळावरचे केस मागे सारले, उशी नीट केली. मी निघायला उठलो.

"बसा ना अजून थोडं," बाई म्हणाल्या. "घरात दिवसभर मी एकटीच बोलत असते."

मी पायात घातलेल्या चपला काढल्या आणि पुन्हा बसलो.