भूतकाळ शिकवायचा नाही

धाकटीने सुट्टीत परदेशी जाऊन उन्हाळी शिबिरातल्या मुलांना विनामूल्य इंग्रजी शिकवायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी आडकाठी केली नाही. तिचं स्वतःचं इंग्रजी यथातथाच होतं. पण सेवेला व्याकरण लागत नाही, असं मामांचं म्हणणं पडलं. पुढच्या शिक्षणाच्या अर्जात सेवा शोभून दिसते, हे मात्र ते आवाज खाली आणून म्हणाले.

शिबिर पत्र्याच्या शाळेत होतं. पहिल्याच तासाला तिने फळ्यावर लाल फुगा काढून रंग विचारला. मुलांनी एका सुरात उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर तर तिने तो विचारायच्या आधीच आलं. धाकटीला गहिवरून आलं. आपल्या हाताला गुण आहे, असं तिला वाटलं.

मधल्या सुट्टीत दोन वेण्यांची एक मुलगी जवळ आली आणि अस्खलित इंग्रजीत म्हणाली, "टीचर, रंग झाले की प्राणी घ्यायचे असतात. मग आम्ही तुमच्या गळ्यात पडतो, तेव्हा फोटो काढा. खिडकीपाशी उजेड बरा असतो."

चौकशीअंती कळलं, की दर उन्हाळ्यात नवे स्वयंसेवक येतात आणि रंगांपासूनच सुरुवात करतात. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तिने फुगा पुसला आणि भूतकाळ शिकवायला घेतला. वर्गात इतकी शांतता पसरली, की संचालक धावतच आले.

त्यांनी तिला कार्यालयात बसवून पाणी दिलं. भूतकाळ शिबिराच्या धोरणात बसत नाही, हे समजावलं. मुलं पुढे गेली तर पुढच्या स्वयंसेवकांनी शिकवायचं काय? आणि ते आले नाहीत, तर त्यांनी भरलेल्या शुल्कावर चालणारं मुलांचं दुपारचं जेवण कुठून येणार?

"तुम्ही शिकवून जाल हो," ते कळवळून म्हणाले, "पण मुलं खरंच शिकली तर निस्तरायचं कुणी?"

ती वर्गात परतली, तर वेणीवालीने फुगा पुन्हा काढून ठेवला होता.

"भूतकाळ येतो मला," ती हळूच म्हणाली. "कुणाला सांगू नका."

धाकटीने उरलेले दिवस रंग शिकवले.

घरी आल्यावर मामांनी नातलग जमवले. तिने घडलं ते सगळं सांगितलं, फक्त वेणीवालीचं गुपित सोडून. सगळे हळहळले. मावशींनी तर डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे इंग्रजी बेताचं असलं तरी चालतं ना? मग आमच्या चिरंजीवांचं नाव घाल."

धाकटीने मुकाट्याने पत्ता दिला. जेवण चालू राहायला हवं होतं.

हे वाचून तुमचंही मन हेलावलं असेल, तर जरा धीर धरावा लागेल. यंदाच्या जागा भरल्या आहेत.