मुकुंदकाकांच्या खिडकीतले देश

आमच्या आळीतून परदेशी जायचं तर तीन गोष्टी लागतात: पासपोर्ट, व्हिसा आणि मुकुंदकाकांची खिडकी. पहिल्या दोन सरकार देतं. तिसरीसाठी दुपारचा चहा आटोपून त्यांच्या ओटीवर जाऊन उभं राहावं लागतं.

ओटी आणि माजघर यांच्यामध्ये लाकडी गजांची एक खिडकी आहे. तिच्या आत, स्टुलावर, काका अधिकारी होऊन बसतात. बाहेर उभा राहतो तो प्रवासी. बहुधा साठी उलटलेला, नवे बूट पायाला चावत असलेला, लेकाकडे नाहीतर लेकीकडे निघालेला, आणि विमानापेक्षा विमानतळावरच्या काचेआडच्या माणसाला जास्त भ्यालेला. त्या माणसापुढे कसं उभं राहायचं, काय बोलायचं आणि विशेषतः काय बोलायचं नाही, याची काका तालीम घेतात. त्यांची सारी नोकरी एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. "जन्मभर लोक मला विचारत आले, दापोली गाडी कधी लागेल म्हणून. आता मी लोकांना विचारतो," असं ते समाधानाने सांगतात. दोन्ही वेळी गजांआड तेच बसलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसावं.

"देश कुठला?" हा त्यांचा पहिला प्रश्न, कारण देशागणिक अधिकारी बदलतो. अमेरिकन असले की ते तोंडात सुपारीचं खांड घोळवत, मान तिरकी करून बोलतात. इंग्रज असले की दर वाक्याला क्षमा मागतात आणि काहीही मंजूर करत नाहीत. जर्मन होताना समोर गजराचं घड्याळ ठेवतात. अरब झाले की आधी घरच्या माणसांची, गुरांची, कलमांची खुशाली विचारतात आणि प्रवासी सैलावला की एकदम मुद्द्यावर येतात. जपानी झाले की काका इतके वाकतात की खिडकीतून दिसेनासेच होतात. मग बिचाऱ्या प्रवाशाला रिकाम्या चौकटीशी बोलावं लागतं.

हे सगळे परके लोक बोलतात मात्र आमच्याच हेलात. "व्हाय आर यू कमिंग हो?" त्यातला तो शेवटचा ‘हो’ ओहोटीला खाडीचं पाणी चिखलावरून रेंगाळत मागे जावं तसा लांबत जातो. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, अमेरिकन माणूस ‘हो’ म्हणत नाही." ते म्हणाले, "त्याला गरज नाही म्हणून म्हणत नाही. समोर आपला माणूस उभा असला, की त्यालाही म्हणावंसं वाटेल."

प्रवाशांच्या जातींबद्दलही त्यांची मतं पक्की आहेत. त्यांच्या मते पुणेकर त्या अधिकाऱ्याचं इंग्रजी सुधारील. कोल्हापूरकर त्याला गावच्या जत्रेचं आमंत्रण देईल. नागपूरकर त्याच्या हातात संत्रं ठेवील. "पण खरा घात होतो आपल्या रत्नागिरीकराचा. कारण आपल्याला प्रश्न विचारलेला सोसत नाही. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, हे आपण आधी हुडकतो, आणि मग उत्तर देतच नाही."

हे खोटं म्हणवत नाही. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे’ असं विचारू नये, अपशकुन होतो. आणि कुणी विचारलंच, तर खरं ठिकाण सांगू नये, अशी जुनी रीत. त्यामुळे आळीतले आपटे पतिपत्नी अमेरिकेच्या तालमीला उभे राहिले, तेव्हा झालं ते असं.

"कुठे निघालात?" सुपारी घोळवत काकांनी विचारलं.

"हे इथंच, लेकीकडे," आपटे म्हणाले.

"किती दिवस राहणार?"

"बघू. कसं जमतंय."

"बॅगेत काय आहे?"

"काही नाही हो, असंच थोडंसं," आपटेबाई म्हणाल्या. त्या ‘थोड्याशा’त फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, मेतकूट आणि एक आख्खी विळी होती.

काकांनी सुपारी थुंकली. "आपटे! ‘इथंच’ म्हणजे काय? अर्धी पृथ्वी ओलांडून ‘इथंच’? आणि ‘बघू’? हा शब्द त्या खिडकीत उच्चारलात, की तुम्हाला उलट्या विमानाने आपल्या भाट्याच्या पुळणीवर वाळूत आणून टाकतील! प्रश्न जेवढा, उत्तर तेवढं. कमी नाही, जास्त नाही."

माझी लेक जर्मनीत असते. तिच्याकडे जाताना मीही त्या खिडकीपुढे उभी राहिले. गजांना तेलपाण्याचा जुना वास येत होता, आतल्या अंधारात घड्याळ टिकटिकत होतं, आणि काकांचे डोळे इतके कठोर झाले होते की मी स्वतःचं नाव सांगताना अडखळले. प्रत्यक्षात तिथल्या काउंटरवरचा तरुण माझ्याकडे पाहून हसला. पासपोर्टवर शिक्का मारत, मोडक्या इंग्रजीत, "मुलीला भेटायला? छान," एवढंच म्हणाला. परतल्यावर मी हे काकांना सांगितलं. त्यांना ते सहन झालं नाही.

"हसला?"

"हसला."

"मग तो जर्मन नव्हेच," काका म्हणाले. "बदलीवर आलेला असणार."

असे हे काका. तऱ्हेतऱ्हेचे देश त्यांच्या माजघरात नांदत असतात. पण प्रवासी गेला, की खिडकी ते स्वतः लावून घेतात. मग त्या घरातून येणारे आवाज मला पाठ आहेत: एका पेल्याचा, एका ताटाचा, एकाच्याच चपलांचा. काकू जाऊन बराच काळ लोटला. मुलगा शिरीष कॅनडात आहे, नातू ईशानही तिकडेच. काका त्यांच्याकडे एकदाच गेले होते, सहा महिने राहायचं म्हणून, आणि महिना पुरा व्हायच्या आत परत आले. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "थंडी हो. सोसवेना." ते गेले होते तिथल्या भर उन्हाळ्यात. पण आमच्याकडे विचारणाराही फार खोल जात नाही.

दर रविवारी सकाळी शिरीषचा फोन येतो. काकांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज मोठा असतो, आणि आमच्या दोन घरांमधला जांभ्याचा गडगा काही फार उंच नाही. मी अबोलीची फुलं काढत असते. तिकडून शिरीष म्हणतो, "बाबा, यंदा येता ना?" आणि ज्या माणसाने अख्ख्या आळीला त्या एका शब्दावरून फैलावर घेतलं, तो माणूस गडग्यापलीकडे म्हणतो, "बघू."

यंदा नवरात्रानंतरच्या रविवारी शिरीषचा आवाज निराळा होता. थकलेला, पण ठाम. "बाबा, ईशान तेरा वर्षांचा झाला. आता नाही आलात, तर पुढे त्यालाही वेळ नसेल आणि तुम्हालाही झेपणार नाही. दिवाळीआधी हो किंवा नाही, एक काय ते सांगा. मी पुन्हा विचारणार नाही." मग काका म्हणाले, "इथं फार उकडतंय रे सध्या."

त्याच आठवड्यात सरूबाई आली.

ती संगमेश्वराकडच्या आतल्या एका वाडीतली. तिचा मुलगा न्यूझीलंडात हॉटेलात आचारी आहे, तिकडेच त्याचा संसार. भात झोडून झालं की तिला न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. एस.टी.त कुणाकडून तरी तिने काकांची कीर्ती ऐकली आणि विचारत विचारत ती आळीत पोचली. पत्ता तिने नेमका मला विचारला, म्हणून मी तिच्यासोबत काकांच्या ओटीवर जाऊन बसले. तिच्या लुगड्याला नव्या भाताचा, उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास होता.

न्यूझीलंडच्या माणसाचा स्वभाव काकांनी अजून ठरवलेला नव्हता. म्हणून त्यांनी अर्धा इंग्रज आणि अर्धा क्रिकेटचा पंच असा एक अधिकारी तयार केला आणि बोट वर करूनच विचारलं, "कुठे निघालात?"

"माज्या पोराकडं. न्यूझीलंड."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ उत्तर त्या ओटीवर कधी मिळालं नव्हतं.

"किती दिवस राहणार?"

"सून हाकलीपरत."

"बाई! तारीख सांगायची. पिशवीत काय?"

"सुकट हाय. उकडे तांदूळ हाय. काढून दावू?"

"सुकट?" काका पंचपणा विसरले. "ती तिकडे नेऊ देत नाहीत हो!"

"मंग माजा पोरगा काय खाईल?"

"तो आचारी आहे ना?"

"दुसऱ्यांचा," सरूबाई म्हणाली.

सुकट मागे ठेवण्याच्या अटीवर काकांनी तिला प्रवेश दिला. "झालं. तुम्हाला तालमीची गरजच नाही. भीती म्हणून नाही तुम्हाला."

"त्या मानसाची कशापाय भीती? तो परका. ईल, इचारील, जाईल." सरूबाईने पदर खांद्यावर घट्ट ओढला. पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला. "भ्या वाटतं ता नातवाचा. धा वर्सांचा झाला, अजून हात लावलेला नाय. फोनात दिसतो. पन फोनाला वास नाय येत. दार उघडल्यावर त्येच्याशी काय बोलू, ता शिकवा."

काकांनी स्टूल मागे सरकवलं. "ती तालीम मी घेत नाही."

"का वो?"

मला वाटलं, आता ते खिडकी लावून घेणार. पण ते उठले, माजघराच्या दारातून बाहेर आले आणि दार अर्धंच उघडं ठेवून उंबऱ्यावर उभे राहिले. खांद्यावरचा पंचा त्यांनी गळ्यात अडकवला, जसे हल्ली मुलं ते कानांवरचे ऐकण्याचे वाटे गळ्यात उतरवून ठेवतात तसा. खांदे जरा पाडले. नजर आमच्या अंगावरून सरकून कुठेतरी भिंतीवर गेली. दोन बोटं अर्धवट वर झाली.

"हाय, ग्रँडमा," ते म्हणाले, आणि एक पाऊल मागे सरले.

मी काकांचे पुष्कळ देश पाहिले आहेत. कुणाच्याही अंगात ‘हो’ शिरल्यावाचून राहिला नाही. या मुलाच्या बोलण्यात मात्र आमचा हेल औषधालाही नव्हता. ते सारे देश ऐकीव होते. हे मूल पाहिलेलं होतं.

सरूबाई हात पसरून पुढे झाली. काका आणखी मागे सरले.

"धरायचं नाही, बाई." ते आता पुन्हा काका झाले होते, पण आवाज धड त्यांचा नव्हता. "तो मागे सरतो. मग आपणही आहोत तिथंच थांबायचं. हसायचं. त्या लोकांत अंतर ठेवतात. ती तिथली रीत आहे. वाईट वाटून घ्यायचं नाही."

"कुटल्या लोकांत?" सरूबाईने विचारलं. "पोर आपला हाय ना?"

काका गळ्यातल्या पंच्याचं टोक चाचपू लागले.

"सरंना मागं. मी पुढं जाईन. परत सरला, परत जाईन. घर ता केवडा आसंल? कुटंतरी भित लागंलच की."

मला हसू आलं. काकांना नाही आलं. त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "आणि भिंत लागल्यावर?"

"मंग त्येच्या बाजूला उबी ऱ्हाईन. भितीला पाट लावून. बोलायचा कायबी नाय. कळंल त्याला, म्हातारी जात नाय म्हनून."

बाहेर माडांच्या झावळ्यांत वारा शिरला होता आणि दूर भाट्याकडून समुद्राचा सलग, ओलसर आवाज येत होता. काका पंचा गळ्यातून काढून दोन्ही हातांनी पिळत होते, जणू तो भिजलेला होता.

"बाई," ते म्हणाले, "जरा तुम्ही नातू व्हा."

"इश्श! मी?"

"व्हा हो. मी पुढे येतो."

सरूबाईने तोंडाला पदर लावला, पोटभर हसून घेतलं, आणि मग दोन बोटं वर करून, मान फिरवून, "हाय, आजा," म्हणत मागे सरली. काका पुढे झाले. ती सरली. ते पुढे झाले. त्यांची चाल अशी होती, की निसरड्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून उतरणारा माणूसही याहून निर्धास्त चालला असता. ओटीच्या टोकाला जांभ्याची भिंत लागली. सरूबाईची पाठ तिला टेकली, आणि काका वळून, तिच्या बाजूला, पाठ लावून उभे राहिले.

बराच वेळ तशीच उभी होती ती दोघं, अंगणाकडे तोंड करून. काकांचा हात मधेच किंचित वर आला, हवेत कुणाच्या तरी डोक्याइतक्या उंचीवर थांबला आणि खाली गेला.

"शिरीषचं घर बरंच मोठं आहे हो," ते हळूच म्हणाले.

"मंग चार पावलां जास्त चाला," सरूबाई म्हणाली.