अकराचा शीळकरी

"पक्षी मला फसवूच शकत नाही!" गाडीतून उतरतानाच घड्याळजींनी जाहीर केलं. "आज शंभरावा वहीत चढवूनच परत फिरायचं!"

वहीत नव्याण्णव पक्षी होते. राहिला होता तो शीळकरी, आणि या पडक्या महालाच्या आसपास तो हमखास सापडतो, असं ते ऐकून होते. गेल्या वर्षी दोघं नवराबायको इथेच यायची होती. तिकिटंही काढली होती. मग बायको आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. आता लेक सोबत आली होती. आईने महालाची सगळी माहिती आपल्या फोनमध्ये जमवून ठेवलेली, म्हणून वर्षभर कपाटात पडलेला तो फोन लेकीने सकाळी चार्ज करून पर्समध्ये टाकला होता.

बायकोला दगडांचं वेड, यांना पाखरांचं. सहली एकत्र व्हायच्या, पण ती आत आणि हे बाहेर झुडपात. "एकदा तरी आत या हो!" ती म्हणायची. "दगड काय उडून जाणारेत?" हे म्हणायचे. दगड उडून गेले नाहीत.

लेक आत गेली, घड्याळजी झुडपात शिरले. अकराला महालातून खणखणीत शीळ आली!

"शीळकरी! नर आहे! दोन वर्षांचा, तब्येतीने ठणठणीत!" त्यांनी आजूबाजूच्या पंधरा-वीस प्रवाशांना ठणकावून सांगितलं. शीळ थांबली. पाच मिनिटांनी पुन्हा आली.

"बघा, वेळेचा कसा पक्का आहे! सेकंदाचा फरक नाही!" जन्मभर घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला यात काहीच खटकलं नाही.

घड्याळजी आत घुसले. लग्नाच्या अडतीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते पाखरामुळे जमलं. मागून सगळा घोळका चवड्यांवर. एका बाईंना शिंक येत होती, पण घड्याळजींनी असं पाहिलं की बिचारीने ती गिळली.

"आजोबा, दोरीच्या आत जाऊ नका!" रखवालदार धावला.

"हळू बोला! अंड्यांवर बसला असेल!"

"नर म्हणालात ना?"

"नरही बसतात!"

तेवढ्यात पायात दोरी अडकली आणि घड्याळजी धाडकन आडवे झाले! नाकासमोर खांबाला टेकवलेली लेकीची पर्स होती. ती शीळ घालत होती.

शीळ संपली, आणि पर्समधून ओळखीचं हसू फुटलं. "फसलात की नाही! दहा दिवस शीळ शिकत होते, अहो! आता आत आलाच आहात, तर हा मधला खांब बघू या. दोघांनी."

घोळक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं.

मागचा सज्जा बघायला गेलेली लेक धावत आली. "बाबा, लागलं का? आईने गेल्या वर्षीच्या सहलीसाठी गजर लावून ठेवला होता वाटतं, रोज अकराचा... मला खरंच माहीत नव्हतं!" घड्याळजी तिथेच बसून लहान पोरासारखे रडले. रखवालदाराने पडलेली दोरी उचलली आणि त्यांच्या मागच्या बाजूने बांधली.

मग घड्याळजींनी मान वर करून खांब बघितला. खरंच सुरेख होता.

लेक फोन बंद करायला लागली. "राहू दे," ते म्हणाले. "पाच मिनिटांत पुन्हा वाजेल."

"बाबा, मग वहीत शंभरावा लिहू?"

"लिही." त्यांनी नाक पुसलं आणि घोळक्याकडे चोरून पाहिलं. "नर म्हणालो होतो ते चुकलं. मादी लिही."